सातव्या मजल्यावरचं न्हाणं

लोक पाहुण्याला देवघर दाखवतात, बाल्कनी दाखवतात, नवा फ्रिज दाखवतात. लतिकाबाई परब न्हाणीघर दाखवतात. तेही टाइल्स किंवा शॉवर नव्हे, कोपऱ्यातली जाळी. जाळी उचलतात, तिच्याखालची प्लॅस्टिकची वाटी बाहेर काढतात आणि पाहुण्याच्या नाकासमोर धरून म्हणतात, "बघ. एक केस दिसला तर सांग." पाहुणा हातातला चहाचा कप सांभाळत कसनुसं हसतो. लतिकाबाई हसत नाहीत. ज्या गोष्टीवर आपली इज्जत अडकली आहे तिची थट्टा करायची नसते, असं त्यांचं मत आहे. गेल्या वर्षी गणपतीनंतर जे झालं ते ऐकलं तर तुम्हीही हसणार नाही.

करी रोडला भिकोबाची चाळ होती. तिच्या जागी आता बावीस मजल्यांचा टॉवर आहे आणि त्याचं नाव बिको हाइट्स. भिकोबा कोण, कुठला, हे बिल्डरला ठाऊक नव्हतं, त्याला नाव सुटसुटीत हवं होतं. चाळकऱ्यांना टॉवरमध्ये घरं मिळाली, त्यात लतिकाबाईंना सातव्या मजल्यावरचं ७०३ आलं. मुलगा सुशांत, सून मेघना, नात ओवी आणि त्या. नवरा लवू परब टॉवर बघायला राहिला नाही.

चाळीत प्रत्येक खोलीत मोरी होती आणि सगळ्या मोऱ्यांचं पाणी मागच्या भिंतीवरच्या एकाच पाइपातून खाली जायचं. त्यामुळे वरच्याने डोकं धुतलं की खालच्याच्या मोरीत पाणी चढायचं आणि मग जिन्यात भांडणं. सावंतवाडीकडून लग्न होऊन आलेल्या लतिकाबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात पदर खोचला आणि मोरीच्या भोकात कोपरापर्यंत हात घातला. सासू म्हणाली, "अगो, माणूस बोलवूया." बाई म्हणाल्या, "माणूस येयसर आंघोळी कोण थांबवतला?" तेव्हापासून मजल्यावर कुणाचीही मोरी तुंबली की हाक परबांच्या सात नंबरच्या खोलीला. काही जणी मागून 'मोरीवाली' म्हणायच्या. लतिकाबाईंच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्यांनी त्या बायकांना नळावर गाठून सांगितलं, की मागून कशाला म्हणता, पुढून म्हणा, मला ऐकू कमी येतं.

लवू मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. साच्यावर धागा तुटला की फणीच्या बारीक दातांमधून तो परत ओढून घ्यायला एक हूक असायची. पातळ, चपटी, वीतभर लांबीची, टोकाला खाच असलेली. मिल बंद पडली तेव्हा लोकांनी काय काय आणलं. लवूने ती हूक आणली. तिचं घरात काय करायचं ते त्याला कळेना. लतिकाबाईंना पाच मिनिटांत कळलं. मोरीच्या जाळीच्या भोकातून ती हूक आत जायची, एक गिरकी घ्यायची आणि केसांचा अख्खा पुंजका घेऊन वर यायची. लवू थोडा खट्टू झाला, पण आंघोळ त्यालाही करायची होती.

तर अशी ही बाई. आता तिच्या रविवारच्या न्हाण्याबद्दल.

लतिकाबाईंची थोरली शेजारीण रमाबाई. तिने मिलच्या रीळखात्यात सव्वीस वर्षं हात वर करून रिळं चढवली आणि म्हातारपणी तिचे दोन्ही खांदे आखडले. हात कानाच्या वर जाईना. केस मात्र कमरेपर्यंत, शुभ्र, दाट. स्वतःला धुता येत नाहीत आणि दुसऱ्याला सांगायची लाज. एका रविवारी लतिकाबाईंनी तिला मोरीत पाटावर बसवलं आणि लहान पोरीला घालतात तसं न्हाऊ घातलं. रमाबाई न्हाताना रडली आणि नंतर जेवून तासभर झोपली. मग आणखी तिघी आल्या. कुणाचा खांदा, कुणाची मान, कुणाला मोतीबिंदूने दिसत नाही. चाळ पडली, माणसं पांगली, पण न्हाणं मोडलं नाही. रमाबाई त्याच टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर, १२०३मध्ये राहायला आली, बाकीच्या तिघी शेजारच्या दोन इमारतींमधून काठी टेकत येत.

या न्हाण्याची एक शिस्त होती आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती. आधी बाहेर कोरडे केस विंचरायचे, कारण कोरडेपणी गळलेला केस फणीत येतो आणि ओलेपणी गळलेला मोरीत जातो. शिकेकाई उकळून जुन्या मलमलीतून दोनदा गाळायची, म्हणजे चोथा पाण्याबरोबर जात नाही. जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा अंथरायचा. न्हाणं झालं की तो तुकडा ओला असतानाच गोळा करून कागदात बांधायचा. मग तांब्याभर कढत पाणी, कारण डोक्याचं तेल पाइपात थिजलं की त्याला सगळं चिकटत बसतं. आणि प्रत्येकीनंतर जाळी उचलून वाटी बघायची. दर शनिवारी ती वाटी काढून जुन्या टूथब्रशने घासायची, कडेला खाण्याचा सोडा घालून. मेघना म्हणायची, "आई, एवढं तर दवाखान्यात पण करत नाहीत." लतिकाबाई म्हणायच्या, म्हणूनच दवाखान्यात माणसं आजारी पडतात.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि पंधरा दिवसांत ४०३च्या माधवराव करंदीकरांच्या न्हाणीघरात पाणी चढायला लागलं. टॉवरचे खालचे तीन मजले गाड्यांचे, माणसं चौथ्यापासून पुढे. म्हणजे ०३च्या लाइनीतल्या एकोणीस घरांचं पाणी एकाच पाइपाने खाली यायचं आणि ते अडलं की पहिलं माधवरावांच्या जाळीतून वर. माधवराव दादरला वाढलेले, बँकेतून निवृत्त, आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ. रविवारी सकाळी ते स्टुलावर उभे राहून आंघोळ करत, खाली घोटाभर करडं पाणी. एका रविवारी त्या पाण्यात त्यांना एक लांब पांढरा केस दिसला. त्यांनी तो टिशू पेपरमध्ये गुंडाळून सोसायटीच्या सेक्रेटरीला दिला. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, असंच करायचं असतं.

सेक्रेटरी उन्मेष. रमाबाईचा मुलगा. पंचेचाळिशीचा, लोअर परळला ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, सगळ्या गोष्टींच्या फाइली करणारा. याच उन्मेषला लहानपणी चाळीच्या मोरीत लतिकाबाईंनी कान धरून आंघोळ घातली होती. माणूस वाईट नाही. पण टॉवरमध्ये आल्यापासून आपण चाळीतले नाही हे दाखवायची त्याला घाई झाली होती, आणि घाई झालेला माणूस बघत नाही. पांढरा लांब केस म्हणजे म्हातारी, म्हातारी म्हणजे रविवारचं न्हाणं, न्हाणं म्हणजे ७०३. लागला हिशेब. मालवणीत म्हण आहे, करून गेलो गाव आणि कांदळकाराचा नाव, म्हणजे केलं एकाने आणि नाव दुसऱ्याचं. तसंच झालं.

आधी त्याने गौतम प्लंबरला पाठवलं. गौतमने ७०३च्या मोरीत ॲसिडची बाटली ओतली. टाइलचा कोपरा पिवळा पडला, जाळी काळी झाली, ओवी दोन दिवस खोकत होती आणि माधवरावांकडचं पाणी जसं होतं तसंच.

"गौतम, माझं पाणी अडलेलं होतं का? तू बघितलंस?"

"नाही मावशी. तुमचं तर झरझर जात होतं."

"मग ओतलंस कशाला?"

"साहेब बोलले ना."

त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी उन्मेष स्वतः आला. हातात कागद. सोफ्याच्या टोकावर बसला, चहा नको म्हणाला. तिथेच लतिकाबाईंना कळलं की हा सेक्रेटरी म्हणून आलाय. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. सदनिका क्रमांक ७०३मध्ये बाहेरील व्यक्तींना केस धुण्यासाठी आणण्यात येते, त्यामुळे सांडपाण्याची वाहिनी तुंबते, यापुढे असे करणार नाही अशी मी हमी देते. खाली सहीसाठी रेघ.

"काकी, पर्सनली घेऊ नका. कमिटीचं डिसिजन आहे."

"माझी मोरी उघडून बघितलीत?"

"त्याची गरज नाही. केस मिळालाय."

"एक केस मिळाला म्हणून पाइप तुंबला? माझी मोरी बघ ना. चल, आत्ता दाखवते."

"काकी, प्लीज. तुम्ही फक्त साइन करा."

लतिकाबाईंनी कागदाची घडी घातली आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवली. "सही करत नाही."

"मग मला वॉचमनला सांगावं लागेल. त्या तिघी बाहेरच्या आहेत, त्यांना खालीच थांबवतील."

"तिघींना थांबवशील. चौथीचं काय? चौथी तुझी आई आहे."

उन्मेषने मोबाइल खिशात घातला. "आईचा प्रश्नच मिटलाय. परवा पार्लरवालीला घरी बोलावलं होतं, तिचे केस कापून घेतले. एकदम शॉर्ट. आता मेंटेनन्सच नाही. तिला पण बरं."

तो गेला तसं लतिकाबाईंनी पायात चपला सरकवल्या, आणि लिफ्टची वाट न बघता, दुखऱ्या गुडघ्याने, पाच मजले चढून गेल्या.

रमाबाई खिडकीशी बसली होती. डोक्यावरून पदर घेतला होता. उभ्या जन्मात सणवार सोडले तर तिने पदर डोक्यावर घेतला नव्हता. लतिकाबाईंनी तो हळूच मागे सारला. मानेवर वीस वर्षांच्या पोराचे असतात तेवढे केस. कान उघडे पडले होते आणि मान फार बारीक दिसत होती.

"तुका न इचारता कापल्यान?"

"नाय गो. इचारल्यान."

"आणि तू होय म्हटलंस? कित्या गो, वयनी?"

रमाबाई बोटाने मांडीवरची साडी सारखी करत राहिली. "सगळे तुझा नाव घेत होते. म्हटलंय, केस गेले तर तुझ्यावरचो आळ तरी जायत."

लतिकाबाई रडणाऱ्यांतल्या नाहीत. त्या दिवशीही रडल्या नाहीत. पण आपल्यामुळे, आपल्यावर आलेल्या खोट्या आळामुळे, या बाईने कमरेपर्यंतचे केस देऊन टाकले, हे त्यांना सहन होईना. सही करून मोकळं व्हावं असा जो एक बारीक विचार जिन्यात मनात येऊन गेला होता, तो तिथेच मेला. आता सही केली तर त्या केसांचा गुन्हा कबूल केल्यासारखं होणार होतं.

"रविवारी येवचा," त्या म्हणाल्या. "नेहमीच्या वेळाक. टॉवेल घेवन."

"आता धुवूक काय रवला गो?"

"ता माझा मी बघतंय. तू ये."

शनिवार उजाडला. लतिकाबाई नेहमीसारख्या न्हाणीघरात बसल्या, वाटी काढली, ब्रश घेतला. वाटी स्वच्छ होती. पण ती जिथे बसते त्या खाचेत, ब्रश पोचत नाही अशा जागी, एक करडी रेघ होती. त्यांनी हुकीचं टोक त्यात फिरवलं. बोटावर घेतलं, चोळलं. साबण नव्हता, सिमेंट नव्हतं. मऊ, गुळगुळीत, पिठासारखं. आणि त्यांना आठवलं, की गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वाटीत असाच करडा गाळ निघाला होता. तेव्हा त्यांना वाटलं होतं, ओवीने शाळेचे बूट धुतले असतील.

त्यांनी मेघनाला हाक मारली.

बिको हाइट्समध्ये गेल्या वर्षी उन्मेषने परिपत्रक काढलं होतं. चौपाटीवर जाऊ नका, शाडूची मूर्ती आणा, घरीच बादलीत विसर्जन करा, विरघळलेलं पाणी झाडांना घाला. कल्पना चांगली होती, ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. फक्त झाडं कुठली ते कुणी विचारलं नाही. सोसायटीत होता एक गुलमोहर, त्याच्याभोवती नव्या लाद्या, आणि गेटवरच्या कुंड्यांमध्ये प्लॅस्टिकचं गवत.

"मेघना, आपल्या गणपतीची बादली सुशांतने कुठे ओतली?"

मेघना दारात उभी राहिली. हातात ओवीची वही होती. "खाली घेऊन गेला होता, आई. वॉचमन म्हणाला, लाद्या खराब होतील. परत वर आणली. मग तुम्ही झोपला होतात दुपारच्या, तर..."

"तर माझ्या मोरीत."

"हळूहळू ओतली हो. वर दोन बादल्या पाणी पण टाकलं. मीच म्हटलं, आईंना सांगू नको."

माती पाण्याबरोबर जाते, पण जिथे पाइप वळतो आणि पाणी मंदावतं तिथे ती खाली बसते. हे लतिकाबाईंना चाळीपासून ठाऊक होतं. भात लावणीच्या दिवसांत पुरुषांचे पाय धुतले की गावच्या मोरीतही हेच व्हायचं. ०३च्या लाइनीत एकोणीस घरं. त्यातली बारा-तेरा तरी गणपतीवाली. सगळ्यांची बादली एकाच पाइपात. माधवरावांच्या पाण्याचा रंग करडा का, तेही आता कळलं.

मेघना पुढे आली. "आई, उद्या सगळ्यांसमोर बोलू नका ना. सुशांतचं नाव होईल. आणि तुम्ही एवढी वर्षं म्हणता, की आपल्या मोरीतून काही जात नाही, ते सगळं..."

खरं बोलत होती पोर. न्हाणं वाचवायचं तर स्वतःच्या मोरीची इज्जत चव्हाट्यावर मांडावी लागणार होती. लतिकाबाईंनी टूथब्रश धुतला, कोनाड्यात ठेवला. "मोरी माझीच ना," त्या म्हणाल्या. "मग पापही माझंच. आधी माझं सांगेन, मग दुसऱ्याला विचारेन."

त्या संध्याकाळी त्या एकोणीस घरांच्या बेल वाजवत फिरल्या. उद्या साडेदहा ते साडेअकरा कुणी पाणी ओतायचं नाही, आणि ज्याला माझे केस बघायचे असतील त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये यावं. गौतमला त्यांनी स्वतः फोन केला. पाइप चौथ्या मजल्याच्या जमिनीखाली, पार्किंगच्या छताला लागून आडवा वळतो आणि तिथेच साफ करायचं झाकण आहे, हे गौतमला पहिल्यापासून माहीत होतं. विचारलं कुणी नव्हतं.

रविवारी साडेदहाला लतिकाबाई पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर घमेलं, शेजारी टब, मांडीवर हूक. माणसं जमली, काही कुतूहलाने, काही मजा बघायला. माधवराव रुमाल घेऊन आले. उन्मेष आला तो फाइल घेऊन.

"काकी, असं परमिशनशिवाय कॉमन लाइन ओपन करता येत नाही."

"माझ्या मोरीत ॲसिड ओतताना माझी परमिशन घेतली होतीस? चढ रे गौतम."

गौतम शिडीवर चढला, पाना लावला. झाकण सुटलं तसं काळपट पाणी टबात कोसळलं आणि थांबलं. पाइपाचं तोंड बुजलेलंच. त्याने हात पुढे केला, लतिकाबाईंनी हूक दिली. त्याने कडेने कोरलं, एक धक्का दिला, आणि एक गोळा धप्पकन घमेल्यात पडला. मग दुसरा. मग बराच वेळ पडतच राहिले.

"केस आहेत ना त्याच्यात?" उन्मेष वाकून म्हणाला. "बघा, केस आहेतच."

"असणारच. तुझ्या घरात माणसं टकली आहेत का?" लतिकाबाई खाली बसल्या आणि हुकीने गोळा फोडला. काळे केस निघाले, मेंदीचे तांबडे निघाले, पार्लरमध्ये रंगवलेले निघाले. पांढरेही निघाले, दोन-चार. "केस हलके. एकटे असते तर गेले असते समुद्रात. त्यांना धरून बसलीय ती ही. बघा काय आहे ते."

माधवरावांनी चष्मा वर केला. करडी चिकणमाती. तिच्यात दूर्वांच्या काड्या, सोनेरी रंगाची एक खपली आणि चार-पाच खोटे मोती. "ही शाडू आहे," ते हळूच म्हणाले.

मग जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. ही बाप्पाची माती आहे हे कळताक्षणी सगळ्यांनी पटापट चपला काढल्या. एक बाई घमेल्याला हात जोडून मोकळी झाली. ज्या मातीला सगळे मिनिटापूर्वी नाक दाबत होते तिच्यापुढे अख्खी लाइन अनवाणी उभी. आणि कुणीच बोलेना, कारण बोलायचं तर आपली बादली आठवायची.

"देवाच्या मातीला असं बोलू नये," मागून कुणीतरी म्हणालं.

"देव गेले गावाला, पोचलेसुद्धा," लतिकाबाई म्हणाल्या. "राहिली ती आपण मोरीत ओतलेली माती. यातली पहिली बादली माझ्या घरची. माझ्या सुशांतने ओतली, माझ्या मोरीत, आणि मला वाटी घासताना दिसूनही कळलं नाही. मी चुकले. आता पुढचं कोण बोलतंय?"

सुशांत तिथेच होता. त्याने मान हलवली. कान लाल झाले होते, पण पळाला नाही. मग नवव्या मजल्यावरचे म्हणाले, आमचीही तिथेच गेली. सोळाव्यावरच्या बाईंनी हात अर्धा वर केला. गौतम शिडीवरून म्हणाला, "साहेब, तुमचा बाप्पा तर दीड फुटी होता ना? मीच तुमच्या न्हाणीघरात नळाखाली बादली लावून दिलेली."

उन्मेषच्या एका हातात फाइल होती आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या चपला. तो घमेल्यातल्या मोत्यांकडे बघत होता. त्याच्या मुलीने बाप्पासाठी मोत्यांची माळ ओवली होती आणि विसर्जनाच्या वेळी ती काढायची राहिली होती, हे साऱ्या लाइनीने फोटोत पाहिलं होतं.

"नोटीस विथड्रॉ करतो, काकी," तो म्हणाला.

"कागदावर दिलीस, कागदावरच मागे घे. आणि फळ्यावर लाव. मोठ्या अक्षरात."

घमेलं गौतमने आणि सुशांतने उचललं. लतिकाबाई पुढे चालल्या. वॉचमन लाद्यांबद्दल काही बोलणार होता, पण मागून अनवाणी येणारी माणसं बघून गप्प बसला. माती गुलमोहराच्या बुंध्याशी गेली. माधवराव लिफ्टपाशी थांबले आणि लतिकाबाईंना म्हणाले, "मी तो केस द्यायला नको होता." लतिकाबाई म्हणाल्या, "दिलात तर दिलात. पण आधी वर येऊन विचारायचं होतंत. चहा तरी मिळाला असता."

इथे संपायला हवं होतं. पाइप मोकळा झाला, आळ गेला, जिंकली बाई. पण बाराला बेल वाजली तेव्हा दारात उन्मेष होता, आणि त्याचा दंड धरून रमाबाई, काखेत टॉवेल.

"किती वेळ लागेल, काकी? आता केस तर काही..."

"केस होते तेव्हा तास लागायचा. आताही तासच लागेल. एकला ये."

बाकीच्या तिघी बाहेर बसल्या होत्या. थोरली म्हणून पहिला मान नेहमी रमाबाईचा. लतिकाबाईंनी तिला पाटावर बसवलं. आधी कोरडे केस विंचरले, होते तेवढे, शांतपणे, जणू कमरेपर्यंत आहेत. जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा अंथरला. शिकेकाई पूर्वीइतकीच उकळली होती, दोनदा गाळलेली. ती सगळी त्यांनी त्या एवढ्याशा डोक्यावर घातली आणि बोटांनी चोळत राहिल्या, कानामागे, मानेवर, टाळूवर. रमाबाईचे डोळे मिटले होते. "लतिका, वाढतीत गो?" तिने विचारलं. "वाढतीत," लतिकाबाई म्हणाल्या. "न वाढून जातत खंय." मग कढत पाण्याचा तांब्या. मग टॉवेल.

एक वाजता उन्मेष परत आला. रमाबाई खांद्यावर टॉवेल घेऊन दाराजवळ बसली होती. लतिकाबाईंनी मच्छरदाणीचा तुकडा उचलला, जाळी काढली, वाटी बाहेर घेतली. दर रविवारी या म्हाताऱ्या डोक्याचे पाच-सहा लांब पांढरे केस तुकड्यावर यायचे, आणि कितीही जपलं तरी एखादा वाटीत. आज दोन्हीकडे काही नव्हतं. ज्या रिकाम्या वाटीचा त्यांनी आयुष्यभर तोरा मिरवला ती त्यांना हातात धरवेना. तरी त्यांनी धरली, ओल्या हाताने दारापर्यंत नेली आणि उन्मेषच्या समोर केली.

"बघ," त्या म्हणाल्या. "एक केस नाही. हेच हवं होतं ना तुला?"

उन्मेषने वाटीत पाहिलं. मग त्याने आईच्या खांद्यावरचा ओला टॉवेल घेतला आणि तिच्या डोक्याला, मानेपाशी राहिलेलं पाणी, हळूहळू पुसायला लागला.